नव्या घराच्या स्लॅबवर उष्णतारोधक थर सक्तीचा करावा : नागपुरात बांधकाम परवानगी देणाऱ्या यंत्रणांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, नागपूर महानगरपालिका,
मा. सभापती, नागपूर सुधार प्रन्यास,
मा. महानगर आयुक्त, नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण,
तसेच या शहरात घरे आखणारे व बांधणारे सर्व वास्तुविशारद, अभियंते आणि बांधकाम व्यावसायिक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी इमारतींच्या कामावर देखरेख करण्यात उमेदीची वर्षे घालवलेला, आता निवृत्त झालेला स्थापत्य अभियंता आहे आणि मानेवाडा रोडवरील एका चार मजली इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. मजल्याचा उल्लेख मुद्दाम केला, कारण हे पत्र माझ्या डोक्यावरच्या पाच इंची स्लॅबविषयी आहे आणि या शहरातल्या असंख्य कुटुंबांच्या डोक्यावर अगदी तसाच उघडा स्लॅब आहे.

मे महिन्यातल्या कोणत्याही रात्री साडेनऊच्या सुमारास आमच्या घरी जे घडते ते आधी सांगतो. सूर्य मावळून अडीच तासांहून अधिक वेळ झालेला असतो. गच्चीवर गेले तर थोडी झुळूक असते, खाली रस्त्यावर लोक आइस्क्रीमच्या गाडीपाशी उभे असतात, दिवसभराची होरपळ ओसरलेली असते. पण माझ्या ८३ वर्षांच्या आईच्या खोलीत स्टुलावर उभे राहून छताला तळहात लावला, तर गॅस बंद करून ठेवलेल्या तव्याजवळ हात नेल्यासारखे वाटते आणि तो फार वेळ तिथे ठेववत नाही. पंखा सुरू केला की छताजवळची तीच गरम हवा तो पलंगावर ढकलतो. आई पंखा बंद करायला सांगते, मग घामाघूम होते, मग पुन्हा सुरू करायला सांगते. हे रात्री एक-दीडपर्यंत चालते. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे, त्याच आकाराच्या आणि त्याच दिशेच्या खोलीत, याच वेळी साध्या पंख्यावर झोप लागते. दोन्ही घरांना तेच हवामान, त्याच भिंती, त्याच खिडक्या. फरक एवढाच की त्यांच्या डोक्यावर आमचे घर आहे आणि आमच्या डोक्यावर उघडे आकाश.

काँक्रीट उष्णता सावकाश शोषते आणि सावकाशच सोडते. दुपारी बारा ते चारच्या उन्हात स्लॅबच्या वरच्या अंगाला बसलेला ताप खालच्या अंगाला पोचायला काही तास लागतात, म्हणून बाहेर हवा निवू लागते नेमकी तेव्हा खोली तापू लागते. हवामान विभाग जे तापमान सांगतो ते सावलीतल्या, झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेल्या तापमापीचे असते. २३ मे २०१३ रोजी नागपुरात नोंदलेले ४७.९ अंश हेही सावलीतलेच होते. मे २०२४ च्या अखेरीस शहरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर त्याची बातमी झाली आणि लगेच ते यंत्र बिघडल्याचे स्पष्ट करण्यात आले. हवेच्या तापमानाची ती नोंद चूकच होती. परंतु नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतल्या दुपारी उघड्या, काळवंडलेल्या स्लॅबचा पृष्ठभाग सहज साठ अंशांच्या घरात जातो आणि घरातल्या माणसाचा संबंध त्या साठ अंशांशी असतो, हे मात्र या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आता थोडे गणित मांडतो, कारण त्यावाचून ही मागणी नुसती तक्रार वाटेल. छप्पर किती उष्णता आत येऊ देते हे मोजण्याचे माप म्हणजे यू-व्हॅल्यू. एक चौरस मीटर छपरातून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना, किती वॅट उष्णता वाहते तो हा आकडा. पाच इंची उघड्या स्लॅबची यू-व्हॅल्यू साधारण ३.४ येते. बारा बाय दहा फुटांच्या खोलीचे छत सुमारे ११ चौरस मीटर. बाहेरून उन्हाचा मारा साठ अंशांइतका आहे आणि खोली तीस अंशांवर ठेवायची आहे असे धरले, तर त्या एका छतातून सुमारे ११०० वॅट उष्णता आत येते. हिवाळ्यात खोली गरम करण्यासाठी लोक हजार वॅटचा हीटर विकत आणतात; आम्ही मे महिन्यात तेवढाच हीटर छताला लावून झोपतो. त्याच स्लॅबवर एक्सपीएस नावाच्या घट्ट फोमच्या फळ्यांचा ४० मिलिमीटरचा, म्हणजे दीड इंचाहून किंचित जास्त जाडीचा थर घातला, तर यू-व्हॅल्यू ०.७ च्या आसपास येते आणि आत शिरणारी उष्णता सव्वादोनशे वॅटच्या जवळ उतरते. हे ढोबळ गणित आहे. प्रत्यक्षात ऊन तासातासाला बदलते आणि स्लॅब स्वतःही ताप साठवतो. तरी ११०० आणि २२५ यांतले अंतर कुठल्याही बारकाव्याने पुसले जाणार नाही. एवढाच विरोध निव्वळ काँक्रीटकडून मिळवायचा झाला तर स्लॅब जवळपास सहा फूट जाड ओतावा लागेल.

आपल्याकडे पाणी गळू नये म्हणून स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालतात आणि बरेच जण त्यालाच उष्णतेवरचा उपाय समजतात. चार इंची कोब्याने यू-व्हॅल्यू ३.४ वरून फार तर सव्वादोनच्या आसपास येते. कोबाही दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खाली सोडतो. त्याचे काम पाणी अडवण्याचे आहे आणि ते तो चांगले करतो. ऊन अडवण्याचे काम त्याच्यावर टाकू नये.

नागपूरकर उन्हाळ्यात काय करतात हे आपणांस सांगायला नको. मार्च उजाडला की माळ्यावरचे कूलर उतरतात, वाळ्याच्या ताट्या बदलल्या जातात, दुपारी दारे-खिडक्या लावून, पडदे ओढून घरे अंधारी केली जातात. कोरड्या हवेत कूलरइतके स्वस्त आणि शहाणे यंत्र नाही. परंतु कूलर हवा थंड करतो, छत थंड करू शकत नाही. वरून ऊब मारणाऱ्या स्लॅबखाली बसलेल्या माणसाला थंड हवेच्या झोतातही डोके तापल्यासारखे वाटते ते यामुळे. शिवाय जून उजाडून हवेत दमटपणा आला की कूलर निरुपयोगी होतो आणि नुसती चिकचिक उरते. मग कर्ज काढून एसी येतो. दीड टनाचा एसी खोलीतून सुमारे सव्वापाच हजार वॅट उष्णता उपसू शकतो. आमच्यासारख्या वरच्या मजल्यावरच्या दोन-तीन खोल्यांत त्या ताकदीचा मोठा हिस्सा फक्त छतातून झिरपणारी उष्णता परत बाहेर फेकण्यात जातो. वीजबिल तीनशे युनिटांची पायरी ओलांडून वरच्या दरात शिरते. एसी जी उष्णता बाहेर फेकतो ती शेजारच्या गल्लीत जाते, आणि ज्यांच्याकडे एसी नाही त्यांच्या खिडकीतून आत येते. आपल्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याला दगडी कोळसा जळतो, त्याच्या विजेवर हे सारे चालते. गळक्या टाकीत रात्रंदिवस पंपाने पाणी भरत राहावे, तसा हा प्रकार आहे.

हिवाळ्याकडेही दुर्लक्ष करू नये, अशी माझी विनंती आहे. २९ डिसेंबर २०१८ रोजी याच शहरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. दोन्ही टोकांत ४४ अंशांहून अधिक अंतर असलेल्या गावात आपण घरे बांधतो. स्वच्छ आकाशाच्या रात्री उघडा स्लॅब आपली सारी ऊब वर आकाशाकडे सोडून देतो आणि पहाटे चारला खालच्या खोलीत हुडहुडी भरते. त्या आठवड्यात आईच्या खोलीत आम्ही दोन हजार वॅटचा हीटर लावला होता. पाच तास चालला तर तो दहा युनिटे खातो, आणि बंद केल्यावर अर्ध्या तासात खोली पुन्हा गार पडत असे, कारण हीटर जितकी ऊब देत होता तितकी छत आणि बाहेरची पातळ भिंत बाहेर टाकत होती. उष्णता नेहमी गरम बाजूकडून थंड बाजूकडे जाते; तिला अडवणारा थर उन्हाळ्यात बाहेरची आत येऊ देत नाही आणि हिवाळ्यात आतली बाहेर जाऊ देत नाही. थंड देशांना हे कधीच कळले. १९७३ च्या तेलसंकटानंतर जर्मनीने १९७७ साली घरांच्या उष्णतारोधनाचा नियम अमलात आणला, तो घरे तापवण्याच्या इंधनाचा खर्च परवडेना म्हणून. आपल्याकडे खर्चाचा मोठा भाग थंड करण्यावर होतो, पण भिंती आणि छपराचे शास्त्र तेच आहे. (जाता जाता एक काळजीची गोष्ट : ज्या घरांत हीटर परवडत नाही तिथे थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवतात. तिच्या विषारी वायूने झोपेतच जीव जातात. ऊब टिकवणारे छप्पर असते, तर शेगडी आत घ्यावी लागली नसती.)

आमच्या शहरातल्या महाल, इतवारी या भागांतल्या जुन्या घरांत हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती होत्या, वर कवेलू (कौले), त्याखाली बांबू आणि मातीचा थर, आणि त्याखाली माळा. माळ्यातली बंद हवा हाच त्या काळचा उष्णतारोधक थर होता. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरण्याचे कष्ट, माकडांनी केलेली नासधूस आणि वाळवी यांमुळे ती घरे गेली, आणि ती परत आणा असे मी म्हणणार नाही. स्लॅबने आपल्याला पक्के, मजल्यावर मजला चढवता येणारे घर दिले. ते देताना माळा काढून घेतला आणि त्याच्या जागी काही ठेवले नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता उपायाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण चुकीच्या पद्धतीने केलेले काम न केल्याहून वाईट ठरते आणि मग लोक उपायालाच नावे ठेवतात.

थर स्लॅबच्या वर घालावा, खाली नव्हे. वर घातला की ऊन स्लॅबपर्यंत पोचतच नाही. स्लॅब घरातल्या हवेच्या तापमानाजवळ राहतो आणि रात्री उघडलेल्या खिडक्यांतून आलेला गारवा दुसऱ्या दिवसासाठी धरून ठेवतो. याचा दुसरा फायदा पावसाळ्यात दिसतो. दहा मीटर लांबीचा काँक्रीटचा स्लॅब तीस अंशांच्या चढउताराने सुमारे तीन मिलिमीटर लांब-आखूड होतो. दररोजच्या या ओढाताणीने कठड्याच्या बुडाशी आणि कोब्यात चिरा पडतात आणि जुलैत गळती सुरू होते. स्लॅब उन्हापासून झाकला की ही हालचाल कितीतरी कमी होते. गळतीवर दर दोन-तीन वर्षांनी रसायनांचे हात मारणाऱ्या प्रत्येक सोसायटीने याचा विचार करावा.

वस्तू निवडताना ती पाणी पिणार नाही आणि वरच्या भाराने चेपणार नाही हे पाहावे. हलका, दाणेदार, पॅकिंगचा थर्माकोल चालत नाही. जास्त घनतेचा थर्माकोल, एक्सपीएसच्या फळ्या किंवा पॉलियुरेथेन फोमचा फवारा चालतो. ओला झालेला थर जवळजवळ निकामी होतो, कारण त्यात साठलेल्या हवेची जागा पाणी घेते आणि पाणी हवेपेक्षा वीसपटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणून पाणीरोधक लेप, त्यावर किंवा त्याखाली (वस्तूच्या प्रकारानुसार) हा थर, वर सिमेंटचा संरक्षक थर, योग्य उतार आणि शेवटी फिकट रंगाच्या फरश्या, असा पूर्ण छेद (थर एकावर एक कसे येतात ते दाखवणारी आकृती) नकाशात असला पाहिजे. खोलीच्या आतून छताला उघडा थर्माकोल चिकटवण्याचा जो प्रकार अलीकडे दिसतो तो कृपया कोणी करू नये. शॉर्टसर्किटची एक ठिणगी पुरते आणि त्याचा धूर जीवघेणा असतो.

पांढरा रंग किंवा चुन्याची सफेदी हा उत्तम पहिला उपाय आहे. अहमदाबादने २०१७ पासून वस्त्यांमध्ये छपरे पांढरी करण्याचा कार्यक्रम घेतला, तेलंगणाने २०२३ साली थंड छपरांचे धोरणच जाहीर केले. ज्याला आज काहीच परवडत नाही त्याने एप्रिलआधी निदान चुना मारावा, असे मी प्रत्येकाला सांगतो. परंतु आपल्या शहराची धूळ पाहता वर्षभरात ती सफेदी मळते आणि तिचा गुण उतरतो, आणि हिवाळ्यात तिचा काही उपयोग नसतो. रंग ऊन परतवतो, थर उष्णता अडवतो. दोन्ही एकत्र असावेत.

भिंतींचेही थोडक्यात सांगतो. पश्चिमेची साडेचार इंची विटांची भिंत सायंकाळी आतून गरम लागते ती तिची यू-व्हॅल्यू पावणेतीनच्या आसपास असल्यामुळे. आठ इंची एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांची) भिंत तीच ०.८ च्या खाली आणते. विटांऐवजी सगळ्या भिंती काँक्रीटच्या ओतून झपाट्याने मजले चढवण्याची अॅल्युमिनियम साच्यांची पद्धत आता उंच इमारतींत रूढ होते आहे. तिथे चारी बाजूंनी काँक्रीटच असल्याने जो त्रास आम्हाला फक्त वरून आहे तो तिथल्या प्रत्येक मजल्याला पश्चिमेकडूनही होणार आहे. त्या इमारतींच्या नकाशांना परवानगी देताना आपण हे तपासावे. खिडक्यांवर पुरेसे छज्जे असावेत, आणि सरकत्या खिडकीचे अर्धेच तावदान उघडते याचाही हिशेब धरावा, कारण रात्रीची हवा आत आली नाही तर थराचा निम्मा फायदा वाया जातो.

आता कायद्याकडे येतो. निवासी इमारतींसाठी केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने डिसेंबर २०१८ मध्ये इको-निवास संहिता आणली. त्यात छपराची यू-व्हॅल्यू १.२ पेक्षा जास्त नसावी, असा स्पष्ट निकष आहे. आपले शहर ज्या संमिश्र हवामान विभागात येते त्यासाठी उघडणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र घराच्या चटईक्षेत्राच्या किमान १२.५ टक्के असावे, असेही त्यात आहे. म्हणजे काय करायचे हे शोधून काढायची गरज उरलेली नाही. अडचण अशी की २०१८ च्या संहितेने पाचशे चौरस मीटर आणि त्याहून मोठे भूखंड डोळ्यांसमोर ठेवले, आणि २०२२ च्या ऊर्जा संवर्धन दुरुस्ती कायद्याने शंभर किलोवॅट वा अधिक वीज-जोडभाराच्या इमारती कक्षेत घेतल्या. पाचशे चौरस मीटर म्हणजे सुमारे ५,४०० चौरस फूट. नागपुरातला नोकरदार, लहान दुकानदार, शिक्षक ज्या लेआउटमध्ये घर बांधतो तिथला भूखंड दीड हजार चौरस फुटांचा असतो. हुडकेश्वर, बेसा, नरसाळा, गोधनी, जिकडे शहर वाढते आहे तिकडे पाहा : ज्या घरांच्या छपरांनी शहराचे नवे क्षेत्र झाकले जाते आहे ती घरे या निकषांच्या बाहेरच राहतात.

राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत पर्जन्यजल संधारणाची आणि सौर उष्णजलाची तरतूद आहे. नकाशावर ती दाखवावी लागते, म्हणून ती केली जाते. पार्किंगची चौकट एक फूट कमी भरली तर नकाशा परत येतो. मात्र ज्या छपराखाली माणसे पन्नास वर्षे राहणार त्या छपरातून किती उष्णता आत येईल, हा प्रश्न परवानगीच्या अर्जात कोणी विचारत नाही. माझी पहिली मागणी हीच आहे : लहान-मोठ्या प्रत्येक निवासी नकाशावर छपराचा छेद, थरांची जाडी आणि यू-व्हॅल्यू लिहिणे बंधनकारक करावे आणि ती १.२ च्या आत असल्याशिवाय मंजुरी देऊ नये. अधिकार राज्याकडे असेल तर तिन्ही यंत्रणांनी तसा ठराव करून राज्याकडे पाठवावा.

दुसरी मागणी तपासणीची आहे आणि ती माझ्या कामाच्या अनुभवातून आली आहे. हा थर फरश्यांखाली झाकला जातो. झाकल्यानंतर तो घातला की नाही, दीड इंच घातला की अर्धा इंच, हे कोणालाही सांगता येत नाही. जे झाकले जाते त्यातच काटकसर होते, हे मी साइटवर पुष्कळदा पाहिले आहे. म्हणून वरचा सिमेंटचा थर ओतण्यापूर्वी फळ्या अंथरलेल्या अवस्थेतली, जाडीवर टेप लावून काढलेली छायाचित्रे भोगवटा प्रमाणपत्राच्या अर्जाला जोडणे सक्तीचे करावे. यासाठी नवा कर्मचारी लागत नाही. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे.

तिसरी गोष्ट महानगरपालिकेच्या स्वतःच्या इमारतींची. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, आणि उघडतात तेव्हाही वरच्या मजल्यावरच्या वर्गात मुले वहीने वारा घेत बसलेली असतात. मनपाच्या शाळा, दवाखाने आणि प्रसूतिगृहे यांच्या गच्च्यांपासून सुरुवात करावी. २०१६ पासून आपल्या शहरासाठी उष्माघात प्रतिबंधाचा कृती आराखडा आहे. त्यात पाणपोया, दुपारी उघडी उद्याने, रुग्णालयांतले शीतकक्ष या चांगल्या सोयी आहेत आणि चौकाचौकांत सिग्नलवर हिरव्या जाळ्याही लागतात. त्या सोयी घराबाहेर पडलेल्या माणसासाठी आहेत. म्हातारी माणसे, बाळंतिणी, अंथरुणाला खिळलेले आजारी लोक घराबाहेर पडत नाहीत. त्यांना उष्णता घरातच गाठते, आणि तीही रात्री. आराखड्यात घराच्या छपराचे एक स्वतंत्र प्रकरण असावे.

सर्वांत जास्त काळजी मला टिनांच्या छपराखाली राहणाऱ्यांची वाटते. टिनाला उष्णतारोध असा जवळजवळ नाहीच. दुपारी ते भट्टीसारखे तापते आणि थंडीच्या पहाटे त्याच्या आतून पाण्याचे थेंब टपकतात. अशा कुटुंबांना घरकुल मिळते तेव्हा ते आयुष्यातले पहिले पक्के छत असते. तीस चौरस मीटरच्या त्या घराला सरकारी पैशातून स्लॅब मिळत असेल, तर त्याच स्लॅबवर दीड इंचाचा थर का मिळू नये? एसी घेण्याची ज्यांची ऐपत नाही त्यांच्या घरात हा थर सर्वांत आधी हवा. जुन्या टिनांच्या घरांसाठी टिनाखाली अंतर सोडून लावलेला चकचकीत अॅल्युमिनियमचा पडदा किंवा वर चुना, असा अल्प खर्चाचा कार्यक्रम वस्तीपातळीवर घेता येईल. फक्त तो पडदा टिनाला चिकटवू नये, मध्ये हवेची फट राहिली तरच त्याचा गुण येतो.

बांधकाम व्यावसायिक बंधूंना एक विनंती. माझी सदनिका घेताना माहितीपत्रकात फरश्यांचा ब्रँड, ओट्याचा ग्रॅनाइट, नळांची कंपनी, दारांचे लाकूड सारे छापलेले होते. छपराविषयी एक ओळ नव्हती. अभियंता असूनही मीही विचारले नाही, याची मला आजही खंत वाटते. नंतर विकासकाकडे गेलो तेव्हा, नियमात नाही आणि कोणी मागत नाही, असे उत्तर मिळाले. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. म्हणून आपण स्वतः होऊन माहितीपत्रकात छपराची यू-व्हॅल्यू छापावी. वरच्या मजल्याची सदनिका विकायला अवघड जाते, ती स्वस्त द्यावी लागते, हा आपलाच अनुभव आहे. तिचे छत सुधारले तर तिला योग्य भाव मिळेल.

उभ्या असलेल्या इमारतींचा प्रश्न वेगळा आणि अधिक गुंतागुंतीचा आहे. आमच्या सोसायटीच्या सभेत मी गच्चीवर थर घालण्याचा विषय मांडला, तेव्हा खालच्या मजल्यांवरील सभासद म्हणाले की त्रास वरच्यांना, तर खर्चही वरच्यांनीच करावा. गच्ची ही सर्वांची सामाईक मालमत्ता आहे, तिच्या गळतीचा खर्च सर्वांनी वाटून घेतला जातो, मग तिच्या उष्णतेचा का नाही, असे मी विचारले. दोन सभा यातच गेल्या. शेवटी गळतीच्या दुरुस्तीसोबत थर घालायचे ठरले, कारण फरश्या काढाव्या लागणारच होत्या. महानगरपालिकेने अशा सोसायट्यांना आणि घरमालकांना, काम तपासून, मालमत्ता करात काही वर्षे सवलत दिली तर अशा सभा लवकर आटोपतील. गळतीची दुरुस्ती करणाऱ्या प्रत्येकाला त्याच वेळी हा थर घालण्याचा सल्ला देणारे एक साधे मराठी माहितीपत्रक, छेदाच्या आकृतीसह, मनपाच्या प्रत्येक झोन कार्यालयात ठेवता येईल. ते तयार करून देण्याची माझी तयारी आहे आणि त्यासाठी मला कोणताही मोबदला नको.

नागपुरात स्लॅब ओतण्याचा मोठा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि पुढच्या पावसाळ्याआधी गच्च्यांच्या फरश्या बसवून कामे उरकली जातात. एकदा फरशी बसली की तो थर नंतर घालायला ती फोडावी लागते, म्हणून या वर्षीच्या नकाशांसाठी निर्णय दिवाळीपूर्वी व्हावा, अशी नम्र विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता,
मानेवाडा रोड, नागपूर